इंग्लंडमधल्या इव्हँजेलिकल मंडळ्या: राहायचं की निघायचं, आणि पाळकांना जाब कोण विचारणार?

शरणपूर (धागाकर्ती)

जय ख्रिस्त आणि नमस्कार.

सारा मलॅली कँटरबरीच्या आर्चबिशप, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या सर्वांत वरच्या पाळक, होणार ही बातमी ३ ऑक्टोबर २०२५ ला आली, तेव्हापासून इथल्या बऱ्याच जणांनी मला निरोपातून विचारलं की तुमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, काय वातावरण आहे. प्रत्येकाला वेगळं लिहिण्यापेक्षा धागाच काढते.

मी मूळची नाशिकची, वडील पाळक. लग्नानंतर इंग्लंडच्या दक्षिण भागात स्थायिक झाले. आमची मंडळी अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतली, आणि त्यातही इव्हँजेलिकल: पवित्र शास्त्र (बायबल) सगळ्यांच्या वर, पश्चात्ताप करून नवा जन्म, आणि सुवार्ता सांगणं हे एकट्या पाळकाचं नाही तर प्रत्येकाचं काम. मी पीसीसीत आहे, म्हणजे आपल्याकडच्या पास्टोरेट कमिटीसारखी मंडळीचा कारभार पाहणारी जी समिती असते तिच्यात. शिवाय लहान मुलं आणि असहाय माणसं यांच्या सुरक्षिततेची जबाबदारी माझ्याकडे आहे. इथे प्रत्येक पॅरिशला (ठरावीक हद्दीतल्या मंडळीला) असा माणूस नेमावाच लागतो. देवळाच्या दारातल्या फलकावर, फुलांच्या पाळीच्या यादीशेजारी, माझा फोटो आणि फोन नंबर लावलेला आहे.

बाहेरून पाहणाऱ्याला इथला वाद एकाच गोष्टीचा दिसतो: समलिंगी जोडप्यांना देवळात आशीर्वाद द्यायचा की नाही. फेब्रुवारी २०२३ मध्ये जनरल सिनॉडनं, म्हणजे बिशप, पाळक आणि सामान्य सभासद अशी तीन सभागृहं असलेल्या चर्च ऑफ इंग्लंडच्या सभेनं, आशीर्वादाच्या प्रार्थनांच्या बाजूनं कौल दिला, २५० विरुद्ध १८१. त्याच वर्षी १७ डिसेंबरपासून नेहमीच्या उपासनेत या प्रार्थना म्हणायला परवानगी मिळाली. त्याआधी नोव्हेंबरात पुढच्या पावलांवर मतदान झालं तेव्हा सामान्य सभासदांच्या सभागृहात १०४ विरुद्ध १०० असा निसटता निकाल लागला. यावरून मंडळी किती बरोबर मधोमध दुभंगली आहे ते कळेल. मग ऑक्टोबर २०२५ मध्ये बिशपांनी सांगितलं की आशीर्वादाच्या स्वतंत्र उपासनेसाठी सिनॉडची पूर्ण प्रक्रिया लागेल आणि तिन्ही सभागृहांत दोन-तृतीयांश बहुमत लागेल. ज्यांना बदल हवा होता ते दुखावले. ज्यांना नको होता त्यांचा संशय तरीही गेला नाही, कारण आधी दिलेल्या प्रार्थना तशाच राहिल्या.

त्याच महिन्यात, १६ तारखेला, गॅफकॉननं पत्रक काढलं. २००८ मध्ये जेरुसलेमला स्थापन झालेली ही परंपरानिष्ठ अँग्लिकन प्रांतांची (म्हणजे देशोदेशीच्या अँग्लिकन चर्चची) संघटना. रवांडाचे आर्चबिशप लॉरें म्बांडा तिचे अध्यक्ष. पत्रकाचा सारांश असा की कँटरबरीचा आर्चबिशप, लँबेथ परिषद (जगभरच्या अँग्लिकन बिशपांची), सल्लागार मंडळ आणि प्रायमेट्सची (प्रांतप्रमुखांची) बैठक या चारही गोष्टींशी असलेलं नातं आम्ही आता मानत नाही, खरी अँग्लिकन मंडळी यापुढे आमच्यात आहे.

लग्नाबद्दल मी परंपरागत शिकवणच मानते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढचं वाचताना कुणाला शंका राहू नये. तरीही माझं ठाम मत आहे की आमच्या इव्हँजेलिकल मंडळ्यांची मोठी जखम दुसऱ्या ठिकाणी आहे. आमचे पुढारी घडतात कसे, त्यांना निवडतं कोण, आणि ते वाट चुकले तर त्यांना जाब विचारायची हिंमत कुणाकडे असते, तिथे ती जखम आहे.

जॉन स्माइथचं नाव इथे सगळ्यांनी ऐकलं असेलच असं नाही. लंडनचा नावाजलेला बॅरिस्टर. आयवर्न शिबिरं चालवणाऱ्या विश्वस्त संस्थेचा अध्यक्ष. ही सुट्टीतली ख्रिस्ती शिबिरं १९३० च्या दशकात ई. जे. एच. नॅश यांनी सुरू केली, ती मुद्दाम बड्या खासगी शाळांमधल्या मुलांसाठी. उद्या जे देश चालवणार त्यांना आज ख्रिस्ताकडे आणलं तर देश वळेल, असा हिशेब होता. पुढे नावाजलेले पाळक जॉन स्टॉट आणि निकी गंबेल, पुढे कँटरबरीचे आर्चबिशप झालेले जस्टिन वेल्बी ही सगळी माणसं या शिबिरांतून आलेली. स्माइथ त्यातल्या काही मुलांना हेरून विंचेस्टरजवळच्या आपल्या घरी न्यायचा, बागेतल्या शेडमध्ये छडीनं रक्त येईस्तोवर मारायचा, आणि हा पापातून शुद्ध होण्याचा मार्ग आहे असं त्यांच्या मनावर ठसवायचा.

१९८२ मध्ये केंब्रिजचे पाळक मार्क रस्टन यांनी या सगळ्याचा अहवाल लिहिला. तो मोजक्या पुढाऱ्यांच्या हातात गेला आणि तिथेच राहिला. पोलिसांकडे कुणी गेलं नाही. १९८४ मध्ये स्माइथ झिंबाब्वेला गेला आणि तिथे त्यानं पुन्हा शिबिरं भरवली. डिसेंबर १९९२ मध्ये त्यातल्या एका शिबिरात गाइड न्याचुरू नावाचा सोळा वर्षांचा मुलगा पोहण्याच्या तलावात मृत सापडला. २०१७ मध्ये चॅनल फोर या टीव्ही वाहिनीनं प्रकरण उघड केलं. २०१८ मध्ये स्माइथ केपटाउनला वारला, कसलीही शिक्षा न भोगता. कीथ मॅकिन यांचा चौकशी अहवाल ७ नोव्हेंबर २०२४ ला आला आणि पाच दिवसांनी वेल्बींनी आर्चबिशपपदाचा राजीनामा जाहीर केला. अहवालाच्या अंदाजानुसार छळ झालेली मुलं आणि तरुण शंभराच्या वर आहेत.

मी तो अहवाल पूर्ण वाचला आहे. त्यात मला सगळ्यांत जड गेलं ते मारहाणीचं वर्णन नव्हे. जड गेली ती त्या काळातली पत्रं: शहाणी, देवभीरू माणसं एकमेकांना लिहितात की काम थांबू नये, सुवार्तेला बट्टा लागू नये. मार खाल्लेल्या मुलाचं आता कसं आहे हे विचारायला मात्र फार थोडे धजावतात.

आणि स्माइथ एकटा नाही. विंबल्डनच्या इमॅन्युएल मंडळीचे जोनाथन फ्लेचर तीस वर्षं तिथे पाळक होते, इव्हँजेलिकल वर्तुळात त्यांचा शब्द शेवटचा मानला जायचा. त्यांचा परवाना २०१७ मध्ये काढून घेतला गेला, पण लोकांना ते २०१९ मध्ये वर्तमानपत्रातून कळलं. २०२१ च्या स्वतंत्र अहवालात तरुण पुरुषांनी सांगितलं की त्यांना नको म्हणताच येत नव्हतं. मग २०२३ मध्ये सोल सर्व्हायव्हर या तरुणांचे मेळावे भरवणाऱ्या चळवळीचे माइक पिलावाची. तिथे घराणेशाही नव्हती, खासगी शाळा नव्हत्या, गिटार आणि तंबूतल्या उपासना होत्या. तरी चौकशीत निघालं तेच: आध्यात्मिक अधिकार वापरून माणसं ताब्यात ठेवली.

तेव्हा माझा प्रश्न असा. कँटरबरीत राहावं की गॅफकॉनच्या छायेत जावं यावर आम्ही रात्र रात्र बोलतो. पण जिथे जाऊ तिथे हेच पुढारी आणि त्यांचे हेच संबंध बरोबर नेले, तर काय साधलं?

---

मुळामुठा

मी ख्रिस्ती नाही, पुण्यात राहतो, कुतूहलानं वाचतोय. लेखन नीट समजलं, धन्यवाद. एक भाबडा प्रश्न विचारतो. एवढे मतभेद असतील तर इव्हँजेलिकल मंडळी सरळ बाहेर पडून आपलं वेगळं चर्च का काढत नाहीत? कँटरबरीला धरून राहण्यात काय मिळतं?

---

शरणपूर

मुळामुठा, प्रश्न भाबडा अजिबात नाही. इंग्लंडमध्ये यावर साठ वर्षं वाद चालू आहे.

१८ ऑक्टोबर १९६६ ला लंडनच्या वेस्टमिन्स्टर सेंट्रल हॉलमध्ये इव्हँजेलिकलांची मोठी सभा होती. लंडनचे नावाजलेले उपदेशक मार्टिन लॉइड-जोन्स यांनी भाषणात आवाहन केलं की मिश्र मतांच्या संस्था सोडा, एकत्र या. सभेच्या अध्यक्षस्थानी जॉन स्टॉट होते. त्यांनी तिथेच, सगळ्यांसमोर, इतिहास आणि शास्त्र दोन्ही या विचाराच्या विरुद्ध आहेत असं सांगितलं. पुढच्याच वर्षी कीलच्या परिषदेत अँग्लिकन इव्हँजेलिकलांनी ठरवलं की आपण आतच राहायचं आणि आत राहून काम करायचं. आज मोठ्या शहरांतल्या ज्या भरलेल्या मंडळ्या दिसतात, त्यांच्या मुळाशी हा निर्णय आहे.

व्यवहाराची बाजूही आहे. देऊळ, पाळकाचं घर, निवृत्तिवेतन, सगळं चर्च ऑफ इंग्लंडच्या व्यवस्थेत गुंतलेलं. अमेरिकेत व्हर्जिनियातली फॉल्स चर्च ही मंडळी २००६ मध्ये एपिस्कोपल चर्चमधून, म्हणजे तिथल्या अँग्लिकन चर्चमधून, बाहेर पडली. २०१२ मध्ये कोर्टाच्या निकालानं जुनी इमारत त्यांना एपिस्कोपल चर्चला परत द्यावी लागली.

पण मला महत्त्वाचं वाटतं ते पॅरिश. इथला पाळक फक्त देवळात येणाऱ्यांचा नसतो, हद्दीतल्या प्रत्येक माणसाचा असतो. जो कधी प्रार्थनेला आला नाही त्याचाही अंत्यविधी तोच करतो. बाहेर पडलो की ते दार बंद होतं.

---

लेस्टरचा_वाटसरू

शरणपूरताई, तुमच्या कळकळीबद्दल आदर आहे. पण तुम्ही एक प्रश्न पुढे करून दुसरा मागे ढकलताय असं मला वाटतं.

शास्त्राचा अधिकार मानायचा की नाही, हा मूळ प्रश्न. आशीर्वादाच्या प्रार्थना हे त्याचं एक टोक आहे. बिशपांनी शपथ घेतली ती विश्वास जपण्याची, आणि त्याच बिशपांनी सिनॉडची दोन-तृतीयांशाची अट टाळून प्रार्थना आणल्या. ऑक्टोबर २०२५ मध्ये जे कायद्याचं भान आलं ते २०२३ मध्ये कुठे होतं? आमच्या मंडळीनं धर्मप्रांताला द्यायचा वार्षिक वाटा थेट न देता इव्हँजेलिकल कौन्सिलनं काढलेल्या इफिशियन फंडाकडे वळवला. हलक्या मनानं कुणी केलं नाही. आमच्या पीसीसीत त्या रात्री दोघीजणी रडल्या. एकीचं लग्न त्याच देवळात झालेलं, तिच्या आईचं दफनही तिथलंच.

आणि संख्येचाही विचार करा. अँग्लिकन जगातली बहुसंख्य माणसं आज नायजेरिया, युगांडा, केनिया, रवांडा इथली आहेत. १९९८ च्या लँबेथ परिषदेत लग्नाबद्दलचा ठराव ५२६ विरुद्ध ७० मतांनी मंजूर झाला होता. तो बाजूला सारून मूठभर श्रीमंत प्रांतांनी सगळ्यांचं ठरवावं, हे आपल्यासारख्या वसाहतीतून आलेल्यांना तरी खटकायला हवं.

---

शरणपूर

वाटसरूभाऊ, कायद्याबद्दलचा तुमचा मुद्दा मला पूर्ण मान्य आहे, बिशपांनी तो रस्ता आधीच धरायला हवा होता. १९९८ चा आकडाही बरोबर.

तरी विचारते. शास्त्राचा अधिकार मानणं म्हणजे पेत्राच्या पहिल्या पत्राचा पाचवा अध्यायही मानणं की नाही? वडिलांनी (म्हणजे मंडळीच्या पुढाऱ्यांनी) कळपावर धनीपण करू नये, कित्ता व्हावं, असं तिथे आहे. यहेज्केलाच्या चौतिसाव्या अध्यायात मेंढपाळांना दिलेला इशारा आहे. स्माइथचा अहवाल दडवणारे पुढारी लग्नाच्या शिकवणीत चोख होते. मग लोक आम्हाला विचारतात की तुम्ही शास्त्र निवडून वाचता का, तेव्हा त्यांना काय सांगायचं?

---

निळे_डोंगर

सिडनीहून लिहितेय. इथला धर्मप्रांत जगातल्या सगळ्यांत ठाम इव्हँजेलिकल धर्मप्रांतांपैकी एक. आमचे आर्चबिशप कनिष्क रफेल, आईवडील श्रीलंकेचे. ऑगस्ट २०२२ मध्ये इथल्याच माजी आर्चबिशपांनी, ग्लेन डेव्हिस यांनी, इतर धर्मप्रांतांतल्या असमाधानी मंडळ्यांसाठी डायोसीज ऑफ द सदर्न क्रॉस नावाचा वेगळा धर्मप्रांत उभा केला. म्हणजे तुम्ही जो प्रश्न विचारताय त्याचं एक उत्तर इथे प्रत्यक्ष चाललेलं आहे.

मला स्त्रियांबद्दल बोलायचंय. सिडनीत स्त्रिया डीकन (दीक्षेची पहिली पायरी) होतात, प्रीस्ट (पूर्ण पाळक) होत नाहीत. मी थिऑलॉजीची पदवी घेतली, ग्रीक शिकले, बायबल अभ्यास घेते, आणि रविवारी मिश्र मंडळीसमोर संदेश द्यायची माझी जागा नाही. मलॅलींच्या नेमणुकीवर गॅफकॉननं जो आक्षेप घेतला त्यात लग्नाची शिकवण होती, पण बाईनं आर्चबिशप व्हावं हेच अनेकांना पटत नाही हेही होतं. त्यावर गॅफकॉनमध्ये तरी एकमत आहे का? युगांडा स्त्रियांना दीक्षा देतो, नायजेरिया देत नाही, केनियात २०२१ मध्ये बाई बिशप झाली. एका मुद्द्यावर मतभेद घेऊन एकत्र राहता येतं आणि दुसऱ्यावर येत नाही, हे कोण ठरवतं?

शरणपूरताईंच्या मुद्द्याला जोड: स्माइथ, फ्लेचर, पिलावाची यांच्याभोवतीच्या आतल्या गोटात स्त्रिया जवळपास नव्हत्याच. निर्णयाच्या टेबलावर चार आया असत्या तर १९८२ चा अहवाल फडताळात राहिला असता असं मला वाटत नाही.

---

लेस्टरचा_वाटसरू

निळे_डोंगर, याच्याशी पूर्ण सहमत नाही. बायकांनीही गोष्टी दडवलेल्या पाहिल्या आहेत. पण चार आयांचं वाक्य डोक्यातून जात नाहीये.

---

नगरी_पाळक

सर्वांना सलाम. नगर जिल्ह्यात सीएनआयच्या (चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या) मंडळीत सेवा करतो. (आता अहिल्यानगर, पण सवयीनं नगरच येतं तोंडात.)

आमच्याकडे लोक विचारतात, "पाळकसाहेब, गॅफकॉन आणि कँटरबरी वेगळे झाले तर आपण कुणाचे?" म्हणून थोडं सांगतो. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० ला नागपुरात स्थापन झालं. त्यात अँग्लिकन होते, युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडिया होतं, बॅप्टिस्ट, ब्रदरेन, डिसायपल्स आणि मेथडिस्ट होते. त्यामुळे आपण अँग्लिकन परिवारात आहोत, पण निव्वळ अँग्लिकन कधीच नाही. बाळांचा बाप्तिस्मा मानणारे आणि फक्त विश्वास कबूल करणाऱ्या मोठ्यांचाच मानणारे, दोघं एका छताखाली आले. ही लहान गोष्ट नव्हे. बाप्तिस्म्यावरून युरोपात माणसं मारली गेली आहेत.

पण खोटं कशाला बोलू, आमचे वाद शिकवणीचे कमी आणि जमिनीचे जास्त आहेत. मिशनच्या काळात मिळालेल्या जागा आता शहराच्या मधोमध आल्या. त्यावरून कोर्टकचेऱ्या, ट्रस्टचे तंटे, बिशपांच्या निवडणुकीत गट. एका ठिकाणी (नाव घेत नाही) मी तरुण असताना कमिटीच्या हिशेबाबद्दल दोन प्रश्न विचारले तर माझी बदली झाली. समलिंगी आशीर्वादाचा विषय आमच्या सभेत निघतच नाही. म्हणून आमच्या मंडळीत तशी माणसं नाहीत असं समजू नये. ती बोलत नाहीत.

शरणपूरताई जे म्हणतात ते म्हणून मला जवळचं वाटलं. तिकडे खासगी शाळेच्या ओळखी, इकडे आडनाव आणि भावकी. जाब विचारणारा एकटा पडतो, हे दोन्हीकडे सारखं.

---

खिडकीजवळचा_बाक

पहिल्यांदाच लिहितोय. मी लंडनला असतो, मराठी ख्रिस्ती आहे, समलिंगी आहे, आणि लग्नाबद्दल मंडळीची परंपरागत शिकवण मानून एकटा राहतो. माझ्यासारख्यांची इथे लिव्हिंग आउट नावाची संस्था आहे.

दोन्ही बाजूंचे लोक माझ्याबद्दल बोलतात. एका बाजूला वाटतं की मी स्वतःवर अन्याय करतोय. दुसऱ्या बाजूचे सिनॉडमध्ये माझ्यासारख्यांचं उदाहरण देतात, आणि उपासना संपल्यावर कॉफीच्या टेबलापाशी मला एकट्याला सोडून कुटुंबांच्या घोळक्यात जातात. ज्या मंडळीला वाटतं की मी एकटं राहावं, तिनं मला घर द्यायला नको का? माझ्या मंडळीतलं एक केरळी कुटुंब दर बुधवारी मला जेवायला बोलावतं. त्यांच्या मुलाला मी गणित शिकवतो. मला टिकवून ठेवलं ते त्या बुधवारांनी. कुठल्याही पत्रकानं नव्हे.

आणखी एक. २०२३ मध्ये युगांडात समलिंगी माणसांविरुद्धचा कडक कायदा आला आणि तिथल्या अँग्लिकन पुढाऱ्यांनी त्याचं समर्थन केलं. त्यात काही गुन्ह्यांना फाशीची तरतूद आहे. गॅफकॉनकडे आशेनं पाहणाऱ्या वाटसरूभाऊंनी याबद्दल काय वाटतं ते सांगावं. मी भांडायला विचारत नाही. तुमच्या मंडळीत मला जागा आहे का, एवढं कळायला हवं.

---

लेस्टरचा_वाटसरू

खिडकीजवळचा_बाक, त्या कायद्याचं समर्थन मी करत नाही, करणार नाही. पाप आणि गुन्हा यांत फरक असतो, आणि फाशीच्या बाजूनं उभं राहणं सुवार्तेत बसत नाही. वेल्बींनी युगांडाच्या आर्चबिशपांना त्याबद्दल पत्र लिहिलं होतं, ते योग्य केलं. आमच्या बाजूच्या फार कमी लोकांनी हे उघड म्हटलं, हेही खरं.

तुम्ही लेस्टरच्या जवळपास कधी आलात तर आमच्या घरी या. व्यक्तिगत निरोपात पत्ता देतो. रविवारीच या असं नाही.

---

कुंदा_यॉर्कशर

सगळं वाचलं. मी पाळकाची बायको. माझे यजमान चार खेड्यांच्या देवळांचे पाळक आहेत, तीन छतं गळतात. दीक्षेसाठी पुढे येणारी माणसं कमी झाली, मोकळ्या पॅरिश भरत नाहीत, म्हणून एकाच्या गळ्यात चार. रविवारी सकाळी दोन ठिकाणी प्रभुभोजन, तिसऱ्या ठिकाणी दुपारी, मध्ये गाडीत सँडविच.

पुढाऱ्यांचे गुन्हे दडवले गेले याचा मलाही संताप येतो. पण प्रामाणिक पाळकांची काय अवस्था झाली तेही पाहा. तक्रार आली की महिनोन्‌महिने चौकशी, तोवर बोलायचं नाही, मित्रांनाही सांगायचं नाही. आमच्या ओळखीतल्या एका पाळकांवरची तक्रार शेवटी निराधार ठरली, पण ते पुन्हा उभे राहिले नाहीत. आणि आशीर्वादाच्या वादात दोन्हीकडून पत्रं येतात. एका घरातून, "तुम्ही प्रार्थना म्हणाल तर आम्ही जाऊ." समोरच्या घरातून, "नाही म्हणालात तर आम्ही जाऊ." दोन्ही घरांतली मुलं एकाच संडेस्कूलमध्ये येतात.

---

केडगाव_लाईन

इथे एक आठवण द्यायची आहे, कारण ती आपल्या मातीतली आहे आणि विषयाला थेट लागते.

पंडिता रमाबाईंचा बाप्तिस्मा २९ सप्टेंबर १८८३ ला इंग्लंडमध्ये वाँटेजला झाला, अँग्लिकन पद्धतीनं. पुढे चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात असताना त्यांनी इंग्रज पुरुषांना शिकवावं का असा विषय निघाला, तेव्हा मुंबई आणि लाहोरच्या बिशपांनी हरकत घेतली. बाईनं, त्यातून हिंदी बाईनं, पुरुषांना शिकवणं त्यांना पसंत नव्हतं. सिस्टर जेराल्डिन यांना लिहिलेल्या पत्रांत रमाबाई याविषयी काय म्हणतात ते वाचा. भटाब्राह्मणांच्या जोखडातून मोठ्या कष्टानं सुटले आहे, आता तसलंच दुसरं जोखड मानेवर घेणार नाही, असा त्यांचा आशय आहे. ज्या सिस्टरांनी आसरा दिला, त्यांनाच हे लिहिलंय.

आणि तरी रमाबाईंनी ख्रिस्त सोडला नाही. पुढे त्या इव्हँजेलिकल अनुभवाकडे वळल्या, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, १९०५ चं संजीवन (आध्यात्मिक जागृती) तिथे झालं, मूळ भाषांवरून बायबल मराठीत आणलं. जिनं बिशपांना ऐकवलं, तिचं स्मरण आता चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिलला केलं जातं.

मला वाटतं शरणपूरताई जाब विचारायचं म्हणतात, त्याचं मराठी उदाहरण हे आहे. विश्वास एका जागी, अधिकाऱ्याचा धाक दुसऱ्या जागी. दोन्ही एकच आहेत असं ज्याला शिकवलं जातं, तोच मुलगा त्या शेडमध्ये गप्प उभा राहतो.

---

मुळामुठा

रमाबाईंबद्दलचं हे माहीत नव्हतं. पत्रं मिळवून वाचतो.

शरणपूर, एक व्यवहारी प्रश्न. चौकशी करणारे चर्चचेच लोक असतात का? बाहेरचं कुणी नको का?

---

शरणपूर

मुळामुठा, अगदी बरोबर जागी बोट ठेवलंत. फेब्रुवारी २०२४ मध्ये प्रोफेसर अ‍ॅलेक्सिस जे यांनी शिफारस केली होती की सुरक्षिततेचं सगळं काम चर्चच्या हातातून काढून स्वतंत्र संस्थांकडे द्या. फेब्रुवारी २०२५ च्या सिनॉडपुढे तो पर्याय आला आणि सिनॉडनं अर्धाच रस्ता धरला: राष्ट्रीय पातळीवरचं काम बाहेर देऊ, धर्मप्रांतांतलं तूर्त आपल्याकडेच ठेवून पुढचा अभ्यास करू. छळ सोसलेल्यांपैकी अनेकांना हा पुन्हा झालेला विश्वासघात वाटला. मलाही पूर्ण स्वातंत्र्यच हवं होतं. प्रशासकीय अडचणी खऱ्या आहेत, हे मी रोज पाहते. पण ज्याचा बिशप पगार ठरवतो त्यानं बिशपाची चौकशी करावी, हे कुठल्याच कार्यालयात चालणार नाही.

बाहेर पडलेल्यांचंही बघा. उत्तर अमेरिकेत २००९ मध्ये परंपरानिष्ठांनी वेगळं अँग्लिकन चर्च काढलं, गॅफकॉननं त्याला मान्यता दिली. शिकवण हवी तशी झाली. २०२५ मध्ये त्यांच्या आर्चबिशपांवरच गैरवर्तनाच्या तक्रारी दाखल झाल्या. खरंखोटं त्यांची प्रक्रिया ठरवेल. पण वेगळं झाल्यानं हा प्रश्न सुटत नाही, एवढं तरी त्यातून दिसतं.

कुंदाताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी आमच्या चर्चवॉर्डनशी (मंडळीनं निवडलेल्या पदाधिकाऱ्याशी) बोलले. तक्रार झालेल्या पाळकाच्या घराशी बोलणारा एक माणूस वेगळा हवा आणि तक्रार करणाऱ्याशी बोलणारा वेगळा, हे नियमांत आहे, पण आमच्या पॅरिशमध्ये पहिला माणूस कुणी ठरवलेलाच नव्हता. पुढच्या बैठकीत ठरवतोय.

वाटसरूभाऊंना आणि नगरी पाळकांना एक सांगायचं आहे. आमचे पाळक येत्या उन्हाळ्यात निवृत्त होतायत. नव्या पाळकासाठी पॅरिशची माहिती आणि अपेक्षा लिहायचं काम आमच्या सहाजणांच्या गटाकडे आहे. पहिल्या मसुद्यात दीड पान शिकवणीबद्दल होतं, लग्नाबद्दलची ओळही होती. ती मी काढू दिली नाही, ती राहिली पाहिजे. पण चारित्र्याबद्दल एकच ओळ होती: 'प्रार्थनाशील आणि प्रेमळ'. मी तीन प्रश्न घालायला सांगितले, मुलाखतीत प्रत्येक उमेदवाराला विचारायचे. तुम्हाला शेवटचं कुणी चूक दाखवली आणि तुम्ही काय केलंत? तुमच्या हाताखाली काम केलेल्या अशा एका माणसाचं नाव द्या, जो तुम्हाला सोडून गेला, आम्ही त्याच्याशी बोलू. आणि तरुण मुलांना एकट्यानं भेटण्याबद्दल तुमचा नियम काय?

दुसऱ्या प्रश्नावर गटातले दोघं नाराज आहेत. म्हणतात, असं विचारलं तर चांगले उमेदवार पळून जातील. मंगळवारी पुन्हा बैठक आहे. इथे कुणाच्या मंडळीनं असं काही विचारलं असेल तर शब्दरचना कशी केली ते लिहा, मला त्याआधी हवंय.

---

निळे_डोंगर

आम्ही असं विचारलं होतं: "ज्यांनी तुमच्याबरोबर सेवा केली आणि नंतर वेगळा मार्ग धरला, अशा दोन जणांशी आम्ही बोलू शकतो का? त्यातली एक स्त्री असावी." चार उमेदवारांपैकी एकानं अर्ज मागे घेतला. जे आले त्यांनी स्वतः सांगितलं की हा प्रश्न वाचूनच अर्ज केला.

---

नगरी_पाळक

ताई, तिन्ही प्रश्न मराठीत लिहून घेतले. आमच्या पास्टोरेट कमिटीपुढे ठेवतो. पहिलं उत्तर मलाच द्यावं लागेल, त्याची तयारी करतोय.